वीस अश्वशक्ती, सहा नॉट: एका छोट्या शिडाच्या होडीचं प्रकरण

होडी बावीस फुटी, म्हणजे ६.७ मीटर लांब. जलरेषेवरची, म्हणजे पाण्याच्या पातळीवरची, लांबी ५.८ मीटर. रिकाम्या होडीचं वजन अकराशे किलोंच्या आसपास. कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, वर-खाली करता येणारी, सुकाणू मागच्या फळीवर टांगलेलं आणि त्याच्या शेजारी ब्रॅकेटवर आउटबोर्ड, म्हणजे होडीबाहेर टांगलेलं, इंजिन. मालक ती बहुतेक वेळा धाकट्या भावाला बरोबर घेऊन चालवतो. मालकाचं नाव, होडीचं नाव, खाडीचं नाव यांमुळे या प्रकरणात काही फरक पडत नाही, म्हणून ती देत नाही. फरक मापांनी पडतो, म्हणून मापं देतो.

होडीवर आधी पाच अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन होतं, वजन सव्वीस किलो. शांत पाण्यात त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. समोरून वारा आणि लाट आली की मात्र ते मधूनमधून किंचाळायचं आणि होडी जागच्या जागी डुलत राहायची. मालकाने याचा अर्थ असा काढला की इंजिनात जोर नाही. हवा भरायच्या रबरी होडीवरून उतरवलेलं वीस अश्वशक्तीचं जुनं इंजिन त्याला मिळालं, तेच त्याने चढवलं. त्याचं वजन बावन्न किलो. जोडीला पंचवीस लिटरची पेट्रोलची टाकी आली, ती कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या उघड्या खळग्याच्या, मागच्या कप्प्यात बसली. भरलेली टाकी बावीस-तेवीस किलोंची. म्हणजे होडीच्या अगदी शेवटच्या टोकाला जवळपास पन्नास किलोंची भर पडली. ब्रॅकेटवर जी वजनाची मर्यादा छापलेली होती, तीही ओलांडली गेली.

एक गोष्ट मात्र बदलली नाही आणि ती कोणी पाहिलीच नाही. जुन्या इंजिनाची खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारी दांडी आखूड होती, पंधरा इंची, म्हणजे ३८ सेंटिमीटर. नव्याचीही तेवढीच होती.

खाडीच्या तोंडाशी

दुपारनंतर दोघं भाऊ समुद्रातून परतत होते. ओहोटी लागून बराच वेळ झाला होता. खाडीतून बाहेर येणारा प्रवाह अडीच नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर), आणि वारा समुद्राकडून आत, पंधरा-वीस नॉटचा. वारा एका दिशेला आणि प्रवाह त्याच्या उलट, असं झालं की लाटा आखूड होतात आणि उभ्या राहतात. खोल पाण्यात जी लाट होडीला हळूच उचलून पुढे निघून जाते, तीच लाट अशा ठिकाणी मागून भिंतीसारखी येते. तोंडाचा अरुंद भाग साधारण चारशे मीटरचा.

शिडं उतरवलेली होती. मालकाने थ्रॉटल पूर्ण उघडला. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर आली, मागचा भाग खाली बसला. दोघंही कॉकपिटमध्ये मागेच बसलेले. मागून येणारी प्रत्येक लाट खालून सरकताना मागचा भाग वर फेकला जायचा, पंखा हवेत यायचा, इंजिन किंचाळायचं आणि होडीचा वेग पडायचा. नेमक्या त्याच वेळी त्यामागची लाट मागच्या फळीला येऊन थडकायची. इंजिनासाठी फळीला जी खाच कापलेली होती तिच्यावरून पाणी आत आलं. त्याहून जास्त पाणी आलं खालून. कॉकपिटमधलं पाणी बाहेर जावं म्हणून तळाला जी भोकं असतात, ती या होडीत जलरेषेपासून जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर उंच आहेत. मागचा भाग बसला तशी ती पाण्याखाली गेली आणि समुद्र त्यांच्यातूनच वर येऊ लागला.

“दादा, पाणी घोट्याच्या वर आलंय,” भाऊ म्हणाला.

मालकाने इथे जे केलं त्यानेच होडी वाचली असं माझं मत आहे. थ्रॉटल आणखी उघडायला जागा नव्हतीच, त्याने तो निम्म्यावर आणला. भावाला म्हणाला, “तू पुढे केबिनच्या दाराशी जाऊन बस, खालीच बस.” मागचा भाग उचलला गेला, भोकं पुन्हा पाण्याबाहेर आली आणि कॉकपिट रिकामं होऊ लागलं. मग भावाने दाराशी बसूनच पुढचं शीड थोडं उघडलं. मागून वारा असताना पुढचं छोटं शीड होडीचं तोंड वारा जातो त्या दिशेला ओढून धरतं. मागच्या लाटेने होडी आडवी फिरण्याची भीती त्याने बरीच कमी होते. ते आत आले. कोणाला इजा झाली नाही.

कॉकपिटचं माप मी नंतर घेतलं. लांबी दीड मीटर, रुंदी एक मीटर. त्यात वीस सेंटिमीटर पाणी साठलं तर ते तीनशे लिटर होतं, म्हणजे तीनशे किलो, आणि तेही चुकीच्या टोकाला आणि हलणारं. अकराशे किलोंच्या होडीत हा आकडा गंभीर आहे. पाणी सगळं एका बाजूला धावलं की होडी ज्या बाजूला कलते तिकडेच ते तिला आणखी ढकलतं.

वेग का वाढला नाही

मालकाचा पहिला प्रश्न वेगळाच होता. चौपट जोराचं इंजिन बसवूनही होडी जोरात का जात नाही?

शांत पाण्यात, जीपीएस लावून, एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध चालवून सरासरी घेतली. जुन्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाने पूर्ण थ्रॉटलवर ५.६ नॉट. नव्याने निम्म्या थ्रॉटलवर ५.७ आणि पूर्ण थ्रॉटलवर ६.४. पेट्रोल मात्र ताशी दोन लिटरवरून सातच्या घरात गेलं. चौपट अश्वशक्तीतून पाऊण-एक नॉट मिळाला.

कारण पाण्याच्या लाटेत आहे. होडी पुढे सरकते तेव्हा नाळेपाशी एक लाट उठते आणि ती होडीच्याच वेगाने चालते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवरून ठरतो. मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ काढून १.२५ ने गुणलं की मीटर प्रति सेकंदात वेग मिळतो. ५.८ मीटर लांबीच्या लाटेचा वेग तीन मीटर प्रति सेकंद, म्हणजे ५.८ नॉट. या वेगाला होडीने उठवलेली लाट तिच्या जलरेषेएवढीच लांब होते. एक शिखर नाळेशी, दुसरं मागच्या टोकाशी. त्याहून जोरात जायचं तर लाट लांबते, दुसरं शिखर होडीच्या मागे निसटतं आणि होडीचा मागचा भाग दोन शिखरांमधल्या खोलगट भागात उतरतो. मग इंजिनाचा सगळा जोर होडीने स्वतःच उठवलेल्या चढावर तिला ढकलण्यात खर्च होतो. होडीवाल्यांचं सूत्र याच गोष्टीचं आहे: फुटांतल्या जलरेषेचं वर्गमूळ गुणिले १.३४ म्हणजे नॉटमधली मर्यादा. इंग्लंडमधल्या टॉर्की इथे विल्यम फ्राउड यांनी १८७२ च्या सुमारास लांब हौदात लहान नमुने ओढून जहाजांचा विरोध मोजायला सुरुवात केली. लांबी आणि वेग यांच्या या नात्याला आजही त्यांच्याच नावाचा अंक लावतात.

ही मर्यादा काही लोखंडी दार नाही. हलक्या आणि मागून सपाट तळाच्या होड्या ती ओलांडून पाण्यावर तरंगत धावू लागतात. पण कील असलेल्या शिडाच्या होडीचा तळ मागे वर वळलेला असतो. शिडावर चालताना पाणी मागून अलगद सुटावं यासाठी तो वळण घेतो. जोरात ढकललं की याच वळणाखाली दाब कमी होतो आणि मागचा भाग खाली खेचला जातो. खाडीच्या तोंडाशी होडी मागे बसली ती वजनाने आणि या खेचण्याने मिळून.

गणित करून पाहिलं तरी हेच दिसतं. माणसं आणि सामान धरून होडी तेराशे किलोंची. ५.८ नॉटला पाण्याचा विरोध तिच्या वजनाच्या चार टक्क्यांच्या आसपास धरला तर तो पन्नास किलोंचा होतो. एवढ्या बळाने तीन मीटर प्रति सेकंद जायला दीड किलोवॉट लागतात. अशा होडीवर छोटा पंखा निम्म्याहून जास्त जोर वाया घालवतो, म्हणून इंजिन पावणेचार किलोवॉटचं हवं. तेच पाच अश्वशक्ती. अनुभवी माणसं टनामागे चार-पाच अश्वशक्ती सांगतात, त्याच्याशी हे जुळतं. जुनं इंजिन होडीसाठी पुरेसं होतं.

त्या चारशे मीटरांचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. अडीच नॉटच्या प्रवाहाविरुद्ध ६.४ नॉटने जाताना तो पट्टा तीन मिनिटं वीस सेकंदांत पार होतो, ५.७ नॉटने चार मिनिटांत. पाऊण मिनिटही वाचत नाही, आणि तेवढ्यासाठी कॉकपिट भरलं. प्रवाह थांबेपर्यंत बाहेर खोल पाण्यात वाट पाहिली असती तर अर्ध्या थ्रॉटलवरही सव्वादोन मिनिटं लागली असती, शिवाय लाटही बसलेली मिळाली असती. माझ्या दृष्टीने त्या दिवसातली खरी चूक घड्याळाची आहे. इंजिनाचा नंबर तिच्या मागे लागतो.

पाण्याबाहेरचा पंखा

मग जुनं इंजिन लाटेत का हरायचं? होडी पाण्यात स्थिर असताना पंख्यावरच्या आडव्या पट्टीवर किती पाणी आहे ते मोजलं. जेमतेम आठ सेंटिमीटर. दोन फुटी आखूड लाटेत होडीचा मागचा भाग त्याच्या कित्येक पट वर-खाली होतो. पट्टी पाण्याच्या वर आली की पंखा हवा ओढतो. हवेत फिरणाऱ्या पंख्याला विरोध नसतो, म्हणून फेरे एकदम वाढतात आणि ढकलण्याचा जोर जवळपास शून्यावर येतो. पुन्हा पाण्यात शिरल्यावरही पात्यांभोवतीची हवा निघून जायला क्षणभर लागतो. बरेच लोक याला कॅव्हिटेशन म्हणतात, पण कॅव्हिटेशनमध्ये दाब पडून पाण्याचीच वाफ होते. इथे चक्क वरची हवा खाली येते, आणि त्यावर इलाज एकच, पंखा खोल नेणे.

वाऱ्याचंही गणित करून पाहिलं, कारण मालकाला खात्री होती की पाच अश्वशक्तीचं इंजिन वीस नॉटच्या वाऱ्यात पुरणारच नाही. होडी, केबिन, डोलकाठी आणि दोर मिळून समोरून चार चौरस मीटर पृष्ठभाग धरला आणि होडी चार नॉटने वाऱ्याविरुद्ध जाते असं मानलं, तर दहा नॉटच्या वाऱ्यात सुमारे तेरा किलोंचा विरोध येतो आणि वीस नॉटच्या वाऱ्यात सदतीस किलोंचा. चार नॉटला पाण्याचा विरोध आणखी दहा-बारा किलो. पाच अश्वशक्तीचा पाण्यात नीट बुडालेला पंखा या वेगाला साठ किलोंच्या आसपास ढकलू शकतो. लाटांचे धक्के धरले तर ताणतं, पण जमतं. मात्र तो पंखा एक तृतीयांश वेळ हवेत असेल तर जमत नाही, आणि अशा वेळी वीस अश्वशक्तीचं इंजिनही हवाच घुसळतं.

वीस अश्वशक्तीच्या इंजिनाचा पंखाही चुकीचा होता. तो दहा इंच पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात घन पदार्थातून गेला तर दहा इंच पुढे सरकणारा. पूर्ण फेऱ्यांवर, गिअरचं प्रमाण २.०८ धरून (इंजिनाचे २.०८ फेरे तेव्हा पंख्याचा एक), त्याचा कागदावरचा वेग एकवीस-बावीस नॉट येतो. पाण्यावर धावणाऱ्या रबरी होडीला हे योग्य आहे. सहा नॉटला अडकलेल्या शिडाच्या होडीत मात्र असा पंखा थोडंसं पाणी फार जोरात मागे फेकतो. जड आणि हळू होडी ढकलायची तर जास्त पाणी हळू मागे सारावं लागतं, म्हणजे पंखा मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा आणि संथ फिरणारा हवा. म्हणूनच यामाहाच्या ९.९ अश्वशक्तीच्या साध्या इंजिनात गिअर २.०८ ला एक आहे आणि जड होड्यांसाठीच्या त्याच अश्वशक्तीच्या इंजिनात २.९२ ला एक. टोहात्सूचं शिडाच्या होड्यांसाठीचं सहा अश्वशक्तीचं इंजिन पंचवीस इंची दांडीचं येतं. ज्यांनी ही इंजिनं आखली त्यांनी जोराचा आकडा तोच ठेवला आणि तो पाण्यात कसा उतरतो ते बदललं. इंजिन घ्यायला निघालेल्या माणसाने आधी हेच पाहावं असं मला मनापासून वाटतं.

होडी पाण्यात राहते, माणूस पडतो

प्रकरणाचा हा भाग त्या दिवशी घडला नाही, पण घडू शकला असता. वीस अश्वशक्तीच्या इंजिनाला किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद पाडणारी, लाल दोरी होती. ती कप्प्यात गुंडाळून ठेवलेली सापडली. मालकाचं म्हणणं असं की ही दोरी जोरात पळणाऱ्या मोटरबोटींसाठी असते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून सव्वीस फुटांखालच्या होड्यांवर हा स्विच वापरणं सक्तीचं झालं, पण तेही होडी पाण्यावर उचलली जाऊन धावत असताना किंवा वर सांगितलेल्या जलरेषेच्या मर्यादेहून जोरात जाताना. म्हणजे कायद्याच्या अक्षरांत मालकाचं म्हणणं काही अंशी बसतं.

पाण्यात ते बसत नाही. पाच नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटरांहून थोडं जास्त. जगातले सर्वांत वेगवान जलतरणपटू पन्नास मीटर सुमारे एकवीस सेकंदांत पोहतात, म्हणजे सेकंदाला २.४ मीटर, आणि तेही तलावात, कपडे आणि बूट नसताना. एकट्याने होडी चालवताना माणूस पडला आणि इंजिन चालू राहिलं, तर तो आपली होडी पुन्हा पकडू शकत नाही. शिवाय आउटबोर्डवरचा हात सुटला की इंजिन एका बाजूला वळतं, होडी गोल फिरते आणि पंखा पडलेल्या माणसाच्या दिशेने परत येऊ शकतो. या एका गोष्टीवर मी मालकाशी तडजोड केली नाही. इंजिन चालू म्हणजे दोरी मनगटाला किंवा लाइफजॅकेटला अडकवलेली.

काय बदललं

वीस अश्वशक्तीचं इंजिन उतरवलं आणि सहा अश्वशक्तीचं, पंचवीस इंची दांडीचं, कमी पिचच्या पंख्याचं इंजिन बसवलं. वजन तीस किलोंच्या आत. पंखा पूर्वीपेक्षा वीतभर खोल गेला. पंचवीस लिटरच्या टाकीऐवजी बारा लिटरची घेतली आणि ती कॉकपिटच्या पुढच्या टोकाला, उघड्या हवेत बांधली. केबिनमध्ये ती न्यायची नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साठते आणि एका ठिणगीची वाट पाहते. कॉकपिटच्या भोकांना बाहेरून एकतर्फी झडपा लावल्या. ब्रॅकेटचे बोल्ट बदलले, आणि फळीच्या आतून जाड पट्टी दिली.

शांत पाण्यात वेग ५.७ नॉट आला, म्हणजे जुन्या इंजिनापेक्षा जवळपास काहीच जास्त नाही. समोरच्या लाटेत मात्र होडी चार नॉट धरून राहते. जुन्या इंजिनाने ती दोनवर यायची.

चालवण्याची रीतही बदलली. जोराच्या वाऱ्यात आता शिडं पूर्ण उतरवत नाहीत. मोठं शीड आखडून उभं ठेवतात. वारा तिरका असेल तर ते ओढतंही आणि होडीचं डोलणं कमी करतं. इंजिन एका बाजूला असल्यामुळे होडी कोणत्या बाजूला कलते याला महत्त्व येतं. इंजिन खालच्या बाजूला राहिलं तर पंखा खोल जातो, वरच्या बाजूला आलं तर बाहेर येतो. म्हणून शक्य तिथे इंजिनाची बाजू खाली राहील असाच मार्ग धरतात. शीड आणि इंजिन एकत्र चालू असलं की समुद्रातल्या वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होडी यांत्रिक ठरते, शिडाच्या होडीचा अग्रहक्क राहत नाही आणि पुढे टोक खाली असलेला शंकू दाखवावा लागतो. मालकाला हे माहीत नव्हतं. त्याच नियमांत सात मीटरांहून लहान आणि सात नॉटांहून जास्त न धावणाऱ्या यांत्रिक होडीला रात्री एका सर्वदिशांनी दिसणाऱ्या पांढऱ्या दिव्याची सवलत आहे, आणि ही होडी त्यात बसते.

मालकाने एक रास्त शंका काढली. काही शिडाच्या होड्या मोठ्या इंजिनावर खरोखर पळतात, त्यांचं काय? पळतात. मॅकग्रेगर २६ एक्स ही त्यातली प्रसिद्ध. तिला ५० अश्वशक्तीपर्यंतचं इंजिन लागतं आणि ती मोटरबोटीसारखी पाण्यावर उचलली जाते. पण तिचा तळ त्यासाठीच सपाट केलेला आहे आणि तिचा तोल सहाशे किलोंहून जास्त पाण्याच्या टाकीवर आहे. जोरात पळायचं तर ती टाकी रिकामी करतात. तेव्हा शिडं उतरवलेली, माणसं मोजकी आणि खाली बसलेली, आणि पाणी जवळपास सपाट असावं लागतं. टाकी रिकामी ठेवून शिडं उभारली तर ती सहज उलटू शकते. जड कील असलेल्या होडीला मोठं इंजिन लावल्याने ती मॅकग्रेगर होत नाही.

एक अडचण अजून शिल्लक आहे. नांगर टाकायला किंवा काढायला भाऊ नाळेवर गेला की त्याच्या वजनाने मागचा भाग उचलला जातो, आणि लाट असेल तर लांब दांडीचा पंखाही हवा ओढतो. सध्या तोडगा असा आहे की भाऊ पुढे जाण्याआधी सांगतो, मालक थ्रॉटल कमी करून मागे सरकून बसतो आणि नांगराचा दोर इंजिनाने न खेचता हातानेच ओढतात. दोर कॉकपिटपर्यंत आणणारी कप्पी बसवायचं त्यांनी ठरवलं आहे.